चिबडातला माका

लग्न होऊन आले त्या वर्षी श्रावणात मला पहिल्यांदा कपाशी निंदायला नेलं. माहेरी मी निंदलं नव्हतं असं नाही, पण तिथे आई पुढच्या ओळीत असायची आणि माझ्या मागे कोणी नसायचं. इथे माझ्या मागे नवरा होता. हातात काही नाही, नुसता मागे. ओळ संपवून मी कंबर सरळ केली, तर हे मधेच उकिडवे बसलेले.

"आठे ये."

गेले. कपाशीच्या बुडाशी माक्याचं एक रोप होतं, दोन बोटं उंच. माझ्या विळ्यानं ते वरून कापलं होतं आणि मूळ तसंच जमिनीत राहिलं होतं.

"मुळासकट," एवढंच म्हणाले.

ती सगळी ओळ मी बसल्या बसल्या पुन्हा केली. घरी सासूनं विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, घाम गेला.

घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. नातवंडं झाल्यापासून मीही म्हणते. चुडामण आबाचं वावर म्हणजे झाडलेलं अंगण, असं धरणगावच्या बाजारापर्यंत बोललं जायचं. गावात कोणाकडे सोयरीक जुळवायला पाहुणे आले, तर त्यांना मुद्दाम आमच्या बांधावरून नेत, म्हणजे गाव कष्टाळू दिसावं. आबांच्या वावरात लव्हाळा टिकत नसे, हराळी टिकत नसे, आणि माका तर नाहीच. पाटाच्या कडेला, केळीच्या दांडात, जिथे ओल तिथे माका. गिरक्या घेत पसरतो, बारीक पांढरी फुलं येतात, देठ खरखरीत. लहानपणी आम्ही तो कोळशाबरोबर वाटून पाटीला फासायचो, पाटी काळीभोर व्हायची. माझ्या हातावरचं गोंदण त्याच्याच रसातलं आहे. आई लोखंडी कढईत त्याचं तेल काढायची, घरभर उग्र वास. पण हे सगळं घरातलं. वावरात माका दिसला की तो उपटायचा, झटकून माती काढायची आणि बांधावर मुळं वर करून टाकायचा. मुळं वर केली की ऊन लागतं आणि तो मरतो. नाहीतर माका असा, की नुसता ओल्या जमिनीवर पडला तरी पेराला मुळं फोडतो.

पाटाकडचं आमचं वावर चिबड आहे. शेजारून पाट झिरपतो, पाणी निघून जायला वाट नाही. पूर्वी एवढं नव्हतं. आता पाच-सहा वर्षं तिथे कपाशी गुडघ्याला येते आणि पिवळी पडून बसते. या वर्षी तर श्रावणात कानबाईचा सण यायच्या आतच सगळी सडली. झाड ओढलं की साल हातात आणि मूळ चिखलात.

भूपेंद्र, माझा मुलगा, जळगावला गाडीवर ड्रायव्हर आहे. आठवड्यातून एकदा येतो. तो वावर बघून आला, पाय धुतले आणि म्हणाला, "शालिग्राम शेठ मागे लागेल शे. वीटभट्टीले माती पाहिजे त्याले. तठे काय पिकस? देई टाकूत."

आबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू आहे. तेव्हापासून ते घरातल्या गोष्टींत कमी बोलतात.

बोलली दिपमाला, माझी सून. "लोटन नानानी दिधी ना माती. आते काय शे त्याना वावरमा? डबकं. म्हैस बसस त्यामा."

"मग तू काय पेरशी? मासा?"

"माका."

भूपेंद्र हसला. मीही हसले असेन. पण ती थट्टेत नव्हती. चैत्रात ती आणि मी धरणगावला हाशमभाईंच्या दुकानात गेलो होतो. हाशमभाई काष्ठौषधी विकतात. हिरडा, नागरमोथा, वाळा. त्यांच्या वडिलांपासून आमचं जाणं-येणं. त्या दिवशी ते एका पोत्यावर चिडून बसले होते. पोतं वाळलेल्या माक्याचं होतं, काळं पडलेलं, बुडाला निम्मी माती. तेलवाले घेत नाहीत म्हणत होते. दिपमाला म्हणाली, हे तर आमच्या पाटाला उगवतं. हाशमभाई म्हणाले, "बेटी, उगवतं सगळीकडे. साफ कोणी आणत नाही. फुलावर आलेला, सावलीत वाळवलेला, हिरवा राहिलेला माका आण, जितका आणशील तितका घेतो. उन्हात वाळवलास तर माझ्या दारात नको आणू."

ते तिनं मनात ठेवलं होतं.

"दिवाळीलगून माले वावर द्या," ती भूपेंद्रला म्हणाली, पण बघत होती आबांकडे. "हाशमभाईनी पाहीसन हो म्हटलं तर वावर राहीन. नही म्हटलं तर शेठले द्या, मी तोंड उघडाव नही."

भूपेंद्र म्हणाला, "मी त्याले शब्द देयेल शे."

"दिवाळीआधी भट्टी पेटस का?"

पेटत नाही. पावसात कोण विटा पाडतो. म्हणून तेवढे दिवस तिला मिळाले.

आबा उठून बाहेर गेले. रात्री मला म्हणाले, "जे मी जन्मभर उपटं, ते मनी सून लाई राहिनी." आवाज रागाचा नव्हता. अंगावर कोणी घाण पाणी टाकावं आणि माणसानं नुसतं बघत राहावं, तसा होता.

कानबाई उठल्यावर दिपमालानं रोपं गोळा करायला सुरुवात केली. लोकांच्या बांधावरून, केळीच्या दांडातून, नाल्याच्या काठानं. घमेल्यात ओली माती आणि त्यात रोपं. लोक खुशीनं देत, घेऊन जा माय, आमचं निंदणं वाचलं म्हणत. मी बांधावर बसून रोपं निवडून द्यायची. गुडघ्यांमुळे मला चिखलात उतरता येत नाही. ती साडीचा काचा मारून उतरायची. एका हाताच्या बोटानं भोक, दुसऱ्यानं रोप, अंगठ्यानं दाब. वाकलेली कंबर संध्याकाळी घरी येईपर्यंत पूर्ण सरळ व्हायची नाही. भाकरी थापताना ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची, थोडा वेळ, मग पुन्हा बसायची.

आबा त्या वावराकडे फिरकले नाहीत. बाजारात जाताना पाटावरची वाट सोडून लांबची वाट धरायचे. तरी पारावर शेजारच्या वावराच्या लोटननं गाठलंच.

"काय आबा, औंदा गवत पेरं म्हणे?"

आबांनी चालणं थांबवलं नाही.

"बी सरनं तर सांगा. मना डबकाना कडले भलतं शे. फुकट लई जा."

पारावरची माणसं हसली. फार नाही, पण आबांनी ऐकावं एवढी. त्या दिवसापासून आबा मंदिरात सकाळी लवकर जाऊन यायचे, पारावर कोणी नसताना.

माका लागला आणि तो धरल्यावर लव्हाळा उठला. चिबड जमिनीत लव्हाळ्याला कोण अडवणार? आता काम उलटं झालं. जन्मभर कपाशीतून माका काढला, आता माक्यातून लव्हाळा काढायचा. मजूर बाया दिपमालानं एकच दिवस लावल्या. त्यांचे हात इतके सवयीचे, की पहिल्या घटकेतच दहा-वीस माके बांधावर येऊन पडले. "अगं बाई, चुकनं वं," म्हणत पुन्हा तेच. दुसऱ्या दिवसापासून ती एकटी.

माक्याचा रस कातडीला लागला की आधी हिरवा दिसतो, मग काळा. दिपमालाचे हात मनगटापर्यंत काळे झाले, नखं तर शाईत बुडवल्यासारखी. भुलाबाईच्या गाण्यांना ती गेली, तर खिरापत वाटायची तिची पाळी आली तेव्हा सुगंधाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "दिपमाला, हात धुई ये ना माय. पोरीसोरी खातीन."

"धुयेल शेतस, काकू. रंग शे, जात नही."

"मग ताट मनाजोडे दे. मी वाटस."

तिनं ताट दिलं. घरी येऊन मला हे सांगताना ती हसली, पण त्यानंतर भुलाबाईला गेली नाही.

हातांपेक्षा पाय वाईट झाले. रोज चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या फुटल्या, पांढऱ्या झाल्या, मग लाल. रात्री ती ओट्यावर बसून पायांना कोकमाचं तेल लावायची आणि ओठ दाताखाली धरायची. फुलं लागली होती. सगळं वावर बारीक पांढऱ्या ठिपक्यांनी भरलं होतं, मी संध्याकाळी जाऊन बघून यायची. माझ्या एवढ्या वयात मी तण कधी असं फुललेलं पाहिलं नव्हतं. कोणी राहूच दिलं नव्हतं ना.

दसरा झाला. दिपमालानं ठरवलं, हाशमभाईंना जाऊन सांगायचं, येऊन बघून जा. त्यांनी हो म्हटलं की कापणी. गोठ्यात तिनं वाळवायला दोऱ्या बांधल्या होत्या. फक्त शेवटचा लव्हाळा काढायचा राहिला होता. फुलांच्या मधून पुन्हा डोकं वर काढत होता. त्या रात्री ती पायांना कोकम लावत होती आणि एक बेचकी फुटून रक्त आलं. आबा खाटेवर होते. त्यांना दिसलं की नाही कळलं नाही. उठले, आत गेले, जुनं मऊ धोतर फाडून आणलं आणि तिच्याजवळ ठेवलं.

"बांध," म्हणाले.

तिनं ते पायाला गुंडाळलं. मला बरं वाटलं.

सकाळी ती एसटीनं धरणगावला गेली. आबांनी दगडावर पाणी शिंपडून विळा लावला. किती महिन्यांनी लावला.

"कोठे?"

"जाई येस."

दुपार कलल्यावर परत आले. गुडघ्यांपर्यंत चिखल, सदरा घामानं चिकटलेला. बादलीत हात धुतले, जेवायला बसले. कळण्याची भाकरी आणि ठेचा. एक संपवली, दुसरी मागितली. डोळ्याच्या ऑपरेशनपासून त्यांनी दुसरी भाकरी कधी मागितली नव्हती. मी तव्यावरची गरम दिली. देताना त्यांची बोटं दिसली. टोकं काळी, नखं काळी. मला वाटलं, सुनेच्या वावरात जाऊन आले. तिला मदत करून आले. माझं मन भरून आलं, खरं सांगते.

"लव्हाळा फार व्हई गयथा," घास मोडत ते म्हणाले. "पोरीना पाय फुटी गयात. म्हटलं, आपण काढी टाकूत. वावर आरसा करी टाकं."

आरसा. हा त्यांचा जुना शब्द. पूर्वी निंदून आले की हेच म्हणायचे.

मी म्हटलं, "आबा, आन् माका?"

त्यांचा हात तोंडापाशी थांबला. घास ताटात ठेवला. मग आपलीच बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, बरा डोळा आणि बोटं यांत वीतभर अंतर.

ते उठले नाहीत. मीच उठले.

गुडघे धरत पाटापर्यंत गेले. पाटावरून दिसलं तेवढं वावर खरंच आरसा झालं होतं. काळी ओली जमीन, त्यावर विळ्याच्या खुणा, मधे मधे साचलेलं पाणी आणि त्यात आभाळ. बांधावर ढीग. लव्हाळा आणि माका, दोन्ही एकत्र, माती झटकून, मुळं वर करून. फुलं खालच्या बाजूला चेंगरलेली. ऊन त्यावर पूर्ण पडलेलं होतं.

दिपमाला संध्याकाळच्या गाडीनं आली. तिच्या पिशवीत सुतळीचे गुंडे होते. हाशमभाई उद्या येतो म्हणाले, हे सांगत ती आत आली आणि आमची तोंडं बघून थांबली. मी सांगितलं. ती चप्पल न घालता धावली, त्या पायांनी.

परत आली तेव्हा भूपेंद्रही आलेला होता. दिवाळीनंतरच्या खोदाईसाठी शालिग्राम शेठ दुसऱ्या दिवशी हद्द आखायला येणार होता, म्हणून सुटी काढून आला होता. त्याच्या चेहऱ्यावर एक सुटका होती, ती मला दिसली. दिपमालालाही दिसली असणार.

ती आबांपुढे उभी राहिली. पदर सावरला नव्हता. "मुद्दाम करं तुम्ही."

आबा खाली बघत होते.

"लोटन नाना हसना म्हणून. मना हात काया झायात म्हणून. सांगी द्या ना, आबा. मी तोंड उघडाव नही म्हणेल शे."

आबांनी मान हलवली. हो की नाही, ते कळण्यासारखी नाही. मी म्हटलं, आबा, सांगा ना. ते म्हणाले, "काय सांगू? उपटेल तर शे."

त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. लव्हाळाच काढायला गेलेला माणूस पहिल्या ओळीपासून माका कसा उपटेल, हे मला सलत होतं, ते सकाळपर्यंत डोक्यातून गेलं नाही. उजाडल्यावर मी दिपमालाला उठवलं. "चल वावरमा."

"काय पाहू आते?"

"चल म्हटलं ना."

आबा नेहमी पिंपळाच्या कोपऱ्यातून निंदायला सुरुवात करतात, जन्मभराची रीत. मी तिला त्या कोपऱ्यात नेलं. तिथल्या पहिल्या दोन ओळी उभ्या होत्या. अख्ख्या. लव्हाळा एकही नाही आणि प्रत्येक माक्याच्या बुडाला हातानं मातीची भर लावलेली. बोटांचे ठसे चिखलात दिसत होते. तिसऱ्या ओळीत काही माके होते, काही नव्हते. चौथीत एखाददुसरा. पाचवीपासून काही नाही.

दिपमाला त्या ओळींच्या टोकाला उभी राहून आडवी बघत राहिली. पहिली, दुसरी, तिसरी. नंतर वाकली आणि दुसऱ्या ओळीतल्या एका माक्याच्या भोवतीच्या मातीवर स्वतःची बोटं ठेवून पाहिली. ठसा तिच्या बोटांपेक्षा रुंद होता.

"हातले जुनी सवय लागनी आन् इसरी गयात," ती म्हणाली. माझ्याशी नाही.

मग ती बांधाकडे गेली आणि ढीग उकरू लागली. वरचा माका वाळून गेला होता. बुडाशी, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे काही रोपं लवलवीत होती. ती घमेल्यात टाकत गेली. मी पाणी शिंपडत गेले.

हाशमभाई दहाच्या सुमाराला मोटारसायकलवर आले. टोपी काढून घाम पुसला आणि वावराकडे बघितलं. उभ्या दोन ओळींत जाऊन एक पान तोडलं, तळहातावर चोळलं, थांबले. तळहात काळा झाला. वास घेतला.

"माल चांगला आहे, बेटी. असा माल मी पाहिला नाही. पण एवढ्यात माझं एक पोतं भरत नाही. तेलवाल्याला काय सांगू?" मग घमेल्यात डोकावून म्हणाले, "हे लावून टाक. होळीपर्यंत तयार कर. मी कुठे जात नाही."

दिपमालानं घमेलं सावलीत सरकवलं. शालिग्राम शेठ तिथेच उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात. त्याचा माणूस वावराच्या चारही बाजूंनी चुन्याची फक्की टाकत चालला होता. पांढरी रेघ पाटापर्यंत आली आणि वळली.

आबा घरून चालत आले. लांबच्या वाटेनं नाही, पाटावरून. लोटन पलीकडे त्याच्या डबक्यापाशी म्हैस धरून उभा होता.

"शालिग्राम," आबा म्हणाले, "मना पोरनी शब्द देयेल शे. वरलं ले. पाटना अंगनं नही."

"आबा, बठ्ठं ठरेल शे..."

"वावर मना नाववर शे. वरलं ले म्हटलं ना."

भूपेंद्र पुढे आला. "आबा, उरेल तुकडामा काय व्हई?"

"ते तिले इचार."

भूपेंद्रनं तिला विचारलं नाही. शेठनं माणसाला खूण केली. त्यानं पायानं फक्की पुसली आणि वावराच्या मधून नवी रेघ टाकली. पिंपळाकडच्या दोन ओळी रेघेच्या वर गेल्या. दिपमालानं त्या त्याच वेळी, सगळ्यांसमोर, मातीच्या गोळ्यांसकट उचलून खाली आणल्या.

दिवाळी झाल्यावर मशीन आलं. पिवळं, मोठं, चिखलात रुतू नये म्हणून मुरूम टाकून आणलेलं. माझ्या सासऱ्यांनी बैलांनी जी जमीन पहिल्यांदा फोडली, तिची माती दोन दिवसांत ट्रॅक्टरमधून गेली. आता तिथे खड्डा आहे, पिंपळाची मुळं त्याच्या भिंतीतून लोंबतात. पाटाचं पाणी खड्ड्यात झिरपतं, त्यामुळे खालचा तुकडा राहील की तोही डबक्यात जाईल, हे सांगता येत नाही. भूपेंद्र म्हणतो, जाईल. असेलही.

लावलेल्यातला सगळा माका जगला नाही. पण पाटाच्या अंगाला बराच धरला. परवा त्यात पुन्हा लव्हाळा आला, तेव्हा दिपमाला विळा घेऊन निघाली आणि दारात थांबून म्हणाली, "आबा, येतस का?"

आबा उठले. काठी ठेवली आणि विळा घेतला.

तुकडा लहान, त्यात दोघं एकाच ओळीत बसले, ती पुढे आणि हे तिच्या बाजूला जरा मागे. आबांचा विळा जमिनीवर पडून होता. ते रोपावर हात ठेवायचे आणि थांबायचे.

"हाऊ?"

"लव्हाळा. काढा."

"हाऊ?"

"राहू द्या."

वरच्या खड्ड्याच्या कडेनं ट्रॅक्टर जात होता, धूळ येऊन पांढऱ्या फुलांवर बसत होती. मधेच आबांच्या हातात एक माका आला. विचारायच्या आतच. मुळासकट आला, अख्खा, माती झटकायला हात वर गेलेला. तो हात तसाच हवेत राहिला आणि आबा मागे वळून माझ्याकडे बघू लागले, मी बांधावर होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

दिपमालानं त्यांच्या हातातून रोप घेतलं. होतं तिथेच बोटानं भोक केलं, रोप ठेवलं, अंगठ्यानं दाबलं, घमेल्यातलं ओंजळभर पाणी टाकलं.

"चला, आबा. पुढे."

आबांनी पुढच्या रोपावर हात ठेवला.

"हाऊ?"